बटाट्यावरचा पहारा

बटाट्यावर पहारा देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मन्मथअप्पा.

पहारा म्हणजे अगदी बंदोबस्तातला पहारा. प्रयोगशाळेच्या टेबलावर बशीत पाणी. त्या पाण्यात सोललेला, बूड सपाट कापलेला बटाटा उभा. बटाट्याच्या पोटात कोरलेला खळगा, खळग्यात साखरेचं दाट पाणी, आणि त्या पाण्याची पातळी जिथं आहे तिथं टोचलेली एक टाचणी. समोर स्टूल, स्टुलावर अप्पा. खाकी कपडे, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, दोन्ही हात गुडघ्यांवर आणि डोळे टाचणीवर. नाकावर माशी बसली तरी हात हलायचा नाही. हात हलवला तर तेवढ्यात नजर हलेल ही भीती.

कारण अप्पांचं म्हणणं असं होतं की बटाट्यातलं पाणी आपोआप वाढत नाही. कुणीतरी ओततं.

अप्पा आमच्या मुलींच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. हा प्रयोग एकोणीस वर्षं त्यांनीच मांडला होता. बटाटे सोलायचे ते, खळगे कोरायचे ते, टाचण्या टोचायचे तेच. फक्त निकालावर त्यांचा विश्वास नव्हता. मी त्यांना परोपरीनं समजावलं. बटाटा लाखो पेशींचा बनलेला असतो, प्रत्येक पेशीला एक पातळ पडदा असतो, तो पाण्याला येऊ-जाऊ देतो पण साखरेला सहजासहजी सोडत नाही, म्हणून जिकडं साखर दाट तिकडं बशीतलं पाणी पेशीपेशीतून ओढलं जातं आणि तास-दीड तासात टाचणी बुडते. पुस्तकात याला परासरण म्हणतात. अप्पा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "म्याडम, तुमच्यावर शक न्हाई. पर खात्री बी न्हाई."

त्यांच्याकडं पुरावा होता. प्रयोगशाळेबरोबर कॉलेजची घंटाही अप्पांकडंच होती. दर चाळीस मिनिटांनी त्यांना उठून व्हरांड्याच्या टोकाला जावं लागे आणि तिथं टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले द्यावे लागत. परत येऊन पाहावं तर पाणी चढलेलं! ते समोर बसलेले असताना पाणी चढताना कधी दिसत नसे, कारण ते चढतंच इतक्या सावकाश. पण अप्पांना हे कोण पटवणार?

"म्या हाय तवर पाणी गप. म्या घंटीला गेलो की चढतंय. याचा मतलब काय, म्याडम?"

मतलब उघड होता. माझ्याआधीच्या तीन सरांना त्यांनी याच मतलबावरून वर्षानुवर्षं नजरेखाली ठेवलं होतं. चौथी मी.

मी मूळची लोह्याची. लातुरातल्या नोकरीचा पहिला दिवस मला लख्ख आठवतो, कारण प्रयोगशाळेच्या दारातच अप्पांनी मला अडवलं.

"कुठल्या तुमी?"

"लोह्याची."

"लोहा म्हंजे नांदेड जिल्हा."

"हो."

"नांदेडात कालेजं न्हाईत का?"

मी नेमणुकीचा कागद पुढे केला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला, बोट ओलं करून शिक्क्यावर फिरवलं, शाई बोटाला लागते का ते पाहिलं आणि मग "शक न्हाई, पर खात्री बी न्हाई" असं पुटपुटत मला आत घेतलं. आत घेतलं खरं, पण पुढचे चार दिवस कपाटाच्या किल्ल्या दिल्या नाहीत. मला बेडूक दाखवायचा असला तरी अप्पा स्वतः कपाट उघडायचे, बेडकाची बाटली हातात द्यायचे आणि तास संपेपर्यंत बाजूला उभे राहायचे. मी बेडूक पर्समध्ये घालून लोह्याला नेईन असं त्यांना वाटत असावं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. गावात त्याचं कौतुक अजून ताजं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या होत्या, दुकानदार आपल्या पावत्यांवर 'जिल्हा लातूर' एवढं मोठ्या टायपात छापून घेत होते. अप्पांनी मात्र जिल्ह्याला मान्यता दिली नव्हती. रजेच्या अर्जावर ते पत्ता लिहायचे, 'जिल्हा उस्मानाबाद (सध्या लातूर)'. ऑफिसातल्या क्लार्कनं एकदा हटकलं तर म्हणाले, "आज केला, उद्या मोडला तर? माजा कागद कुठं कुठं हिंडंल?"

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. संक्रांतीलाच विहिरींचे तळ दिसायला लागले, नळ आठवड्यातून एकदा नुसता गुरगुरायचा, आणि कॉलेजच्या टाकीसाठी टँकर येऊ लागला. इतरांवर संकट आलं, अप्पांच्या संशयाला मात्र बरकत आली. टँकर फाटकातून आत आला की अप्पा स्टीलचा ग्लास घेऊन हजर.

"कुठल्या हिरीचं?"

ड्रायव्हर कुठलंतरी नाव सांगायचा. अप्पा ग्लास भरायचे आणि त्याच्यापुढं धरायचे. "आधी तुमी प्या."

ड्रायव्हर बिचारा प्यायचा. मग अप्पा त्याला लिंबाच्या सावलीत बसवून पाच मिनिटं त्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. माणूस धडधाकट आहे असं दिसलं की मगच टाकीचं झाकण उघडायचं. महिनाभरात तीन ड्रायव्हर बदलले. एकानं जाताना मला विचारलंसुद्धा, "म्याडम, ह्या अप्पाला काय झालंय हो?"

पुढं गावात जुलाब-उलट्यांची साथ आली आणि सरकारी जीप भोंगा लावून फिरू लागली, पाणी उकळून प्या, अन्न झाकून ठेवा. सरकारची आजवरची एकच गोष्ट अप्पांना पटली ती ही. "ह्यो भोंगेवाला बराबर बोलायलाय बगा. कशावर भरवसा ठिवा म्हणत न्हाई." त्या दिवसापासून प्रयोगशाळेतला स्टोव्ह विझलाच नाही. प्यायचं पाणी उकळलं जाई, बशा उकळल्या जात, टाचण्या उकळल्या जात. एकदा माझी शाईची दौत उचलून ते स्टोव्हकडं निघालेले मी पाहिले आणि वाटेतच हिसकावून घेतली.

मुलींची तर ते झडतीच घ्यायचे. आत येताना वही दाखव, जाताना हात दाखव. मनुका पाण्यात फुगते आणि मिठाच्या पाण्यात आक्रसते असा आमचा एक प्रयोग होता. प्रयोग संपला की अप्पा बशी डोळ्यांजवळ नेऊन गरजायचे, "तीस मनुका दिलत्या. सत्तावीस फुगल्या. ह्या तीन कुठं फुगायलात?" पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. तोंडात काय असायचं ते सांगायला नको.

साऱ्या अभ्यासक्रमात अप्पांना मनापासून आवडलेली एकच गोष्ट होती, पेशीचा पडदा. मी तो शिकवायला लागले की ते दारात येऊन उभे राहायचे. "ह्यो बराबर हाय. समद्यास्नी आत घेत न्हाई. आदी चौकशी करतो." कॉलेजच्या फाटकावरच्या वॉचमननं पडद्यापासून काही शिकावं अशी सूचनाही त्यांनी मला केली होती.

त्याच सुमारास महानंदा वर्गात चक्कर येऊन पडली. महानंदा बारावीची, शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येणारी. तिच्यासारख्या आठ-दहा जणी होत्या. पहाटे टँकरच्या रांगेत घागरी लावायच्या, घरचं पाणी भरायचं आणि तशाच धावत गाडी गाठायची. पोटात अन्न नाही, पाणीही नाही. वर साथीचे दिवस. महानंदा शुद्धीवर आली तेव्हा मी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि वर्गाला मीठ-साखर-पाण्याची गोष्ट सांगितली. आतड्याच्या पेशींच्या पडद्याला मिठासाठी वेगवेगळी दारं असतात. त्यातलं एक दार असं आहे की मीठ एकटं आलं तर ते आत घेत नाही. सोबत साखर असली की दोघांना जोडीनं घेतं. आणि ती दोघं आत गेली की त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाबानं बाकीचं सगळं बिघडलं तरी हे दार बहुधा चालू राहतं. म्हणून लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यायचं.

दारातून अप्पांचा आवाज आला. "म्हंजे मिठाला साखर जामीन राहाती?"

"तसंच म्हणा."

"मग पडदा घेतोय व्हय आत?"

"घेतो."

त्यावर ते काही बोलले नाहीत. शक नाही, खात्री नाही, काहीच नाही. मला वाटलं, चला, दोन वर्षांत एक तरी गोष्ट या माणसाच्या गळी उतरली.

पुढचं लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. संशय हा साथीचाच रोग असावा. दोन वर्षं अप्पांच्या सहवासात राहून तो मलाही जडला होता.

प्रयोगशाळेत साखरेची एक काचेची बरणी होती. साखर तेव्हा मिळायला सोपी नव्हती आणि बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती. एके दिवशी मला बरणी उणी वाटली. मी बरणीला कागदाची बारीक पट्टी चिकटवली आणि साखर जिथंपर्यंत होती तिथं रेघ ओढली. सोमवारी ओढली. गुरुवारी साखर रेघेच्या चार बोटं खाली. शनिवारी पाहते तर साखर पुन्हा रेघेवर, उलट बोटभर वरच! मी पुन्हा पुन्हा डोळे चोळून पाहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आधी खाली, मग वर.

प्रयोगात वापरलेले बटाटेही संध्याकाळपर्यंत नाहीसे व्हायचे. आणि अकराच्या सुमारास अप्पा एक झाकलेली किटली घेऊन मागच्या दारानं कुठंतरी जायचे.

"अप्पा, किटलीत काय आहे?"

"पाणी."

"कुणाला नेता?"

"हाय की." एवढं बोलून ते चालू लागायचे.

मी सरळ त्यांच्यामागून गेले असते तर सगळा उलगडा पाच मिनिटांत झाला असता. पण मला तो नको होता. या माणसानं माझा नेमणुकीचा कागद उजेडात धरला होता, दोन वर्षं मला पाणी ओतणारी ठरवलं होतं. आता चोर माझ्या हाती लागला होता आणि त्यात मला गोडी वाटत होती. मी मनाशी जुळवून टाकलं की हा माणूस साखर उचलतो, आणि बोभाटा होईल असं वाटलं की कुठूनतरी आणून भरतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी प्राचार्यांकडं लेखी तक्रार दिली.

प्राचार्यांनी चष्मा काढला. "बाई, मन्मथअप्पा दिवाळीला निवृत्त होतायत. चोरीचा ठपका आला तर त्यांच्या पेन्शनचं अवघड होईल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी ताठ मानेनं म्हणाले.

"मी विचारतो त्यांना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. बाहेरचे परीक्षक नांदेडहून आले होते. उंच, किडकिडीत, हसणं घरी ठेवून आलेले गृहस्थ. पहिल्या तुकडीत सात मुली, त्यात महानंदा. सातही जणींना बटाट्याचाच प्रयोग आला. पाण्याच्या टंचाईमुळे बटाटे अप्पांनी आधीच सोलून, कोरून तयार ठेवले होते. मुलींनी साखरेचं पाणी भरलं, टाचण्या टोचल्या. दरवर्षी परीक्षेतही घंटा चाले, या वर्षी मात्र ती बंद ठेवली होती, त्यामुळं अप्पांना उठायचं कारणच नव्हतं. एकोणीस वर्षांत प्रथमच त्यांना अखंड पहारा मिळाला. ते सातही बटाटे दिसतील अशा बेतानं स्टूल मांडून बसले.

अर्धा तास झाला. तास झाला. दीड तास झाला. सात बटाट्यांतल्या एकातही पाणी तसूभर चढलं नाही. उलट दोन ठिकाणी टाचणी आणखी उघडी पडली. मुलींचे चेहरे उतरले. बारावीचे गुण होते, आणि यातल्या दोघी-तिघींना घरून बजावलेलं होतं की नापास झालात तर पुढचं शिक्षण बंद.

आणि त्या शांततेत अप्पा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"आज घंटी न्हवती. आज म्या जागचा हाललो न्हाई. अन् आज पाणी चढलं न्हाई!" त्यांनी परीक्षकांकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "येकोणीस वर्सं म्या हेच सांगायलो व्हतो. कुनी ऐकलं न्हाई."

"हे गृहस्थ कोण?" परीक्षकांनी विचारलं.

मी जवळचा एक बटाटा उचलला आणि सुरी लावली. बटाटा लगेच दुभंगला. आतून अर्धवट शिजलेला, पिठूळ.

"अप्पा, हे बटाटे उकडलेत?"

"हाव. आर्धे-कच्चेच उकडले. खळगा कोराया आला पायजे म्हणून."

"पण का?"

अप्पांचा चेहरा एकदम निर्विकार झाला. "भोंगेवाला सांगून गेलता की. समदं उकळा म्हणून." मग त्यांनी स्टूल उचललं आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "प्रयोगाचा निकाल आलेला नाही. मी काय लिहू?"

मला त्या क्षणी कुठून सुचलं कोण जाणे. मी म्हणाले, "सर, निकाल आलाय. पाणी का चढलं नाही एवढं मुलींना विचारा."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण विचारलं. सगळ्या खाली मान घालून उभ्या. मग महानंदानं हात वर केला.

"सर, उकडल्यावर पेशी मरती. पडदा बी मरतो. जित्ता पडदा पाण्याला सोडतो, साखरेला आडवतो. मेल्यावर त्याला काई कळत न्हाई. साखर बी भाईर निगून जाती. मग पाणी वढायला आत ऱ्हातं काय?"

परीक्षकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "मग हे सगळ्यांनी लिहा," ते म्हणाले. त्यांनी समोरच्या दुकानातून एक कच्चा बटाटा मागवला, शेजारी मांडायला लावला आणि दोन्ही निकाल लिहून घेतले. कच्च्या बटाट्यातलं पाणी दोनच्या सुमाराला टाचणीच्या वर चढलं. अप्पा कोपऱ्यातून बघत होते. त्यांच्याकडं कुणी पाहत नाही असं वाटल्यावर ते दोन पावलं पुढं आले, वाकून पाहिलं आणि परत जागेवर गेले.

परीक्षा संपल्यावर महानंदा मला व्हरांड्यात गाठायला थांबली. तिची अडीचची गाडी होती, ती एका पायावर उभी होती.

"म्याडम, अप्पाला रागवू नगा. बटाटे आमच्यासाठी व्हते."

"तुमच्यासाठी?"

"प्रयोग झाला की आमी उरलेले बटाटे खायचो. कच्चेच. भूक लागती ना. मागं दोगींचं पोट लई दुखलं. तवापासून अप्पा उकडून देतेत, मीठ लावून. रोज प्रयोगानंतर उकडतेत. पर आज परीक्षा झाली की आमाला गाडीला पळायचं, मग उकडाया टैम कुठं मिळंल म्हणून आदीच उकडले असतील."

"आणि किटली?"

"त्यात मीठ-साखरंचं पाणी असतं. तुमी सांगितलं तसं. आमच्या वर्गाच्या मागं आणतेत. येकेकीला पाजतेत. प्या लवकर, गिलास फोडू नगा, म्हणून खेकसतेत लई. पर समद्या पिऊन होईस्तवर जात न्हाईत."

एवढं सांगून ती पळाली. मी धावत प्राचार्यांच्या खोलीकडं गेले.

"सर, माझी तक्रार परत द्या. चूक झाली."

"उशीर केलात, बाई." त्यांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. "आज सकाळी परीक्षेआधीच मी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी लिहून दिलंय."

सुवाच्य, गोल अक्षर. 'साखर मी नेली. बटाटे मी नेले. कारण सांगण्याची इच्छा नाही.' खाली सही आणि पत्ता. जिल्हा उस्मानाबाद (सध्या लातूर).

म्हणजे सकाळी स्वतःची पेन्शन कागदावर लिहून देऊन हा माणूस दीड तास बटाटे राखत बसला होता. मला हसूही येईना, रडूही येईना.

मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते उठून माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आले. अप्पा मागच्या नळाशी बशा धूत होते. प्राचार्यांनी बरणी उचलली, माझ्या पट्टीवरची रेघ पाहिली. परीक्षेला एवढी साखर वापरूनही बरणी रेघेपर्यंत भरलेली होती.

"बाई, यात कमी काय झालंय?"

"काही नाही."

"मग चोरी कशाची?" त्यांनी माझी तक्रार आणि अप्पांचा कबुलीजबाब, दोन्ही कागद माझ्या हातात दिले. "हे तुम्ही बघा. माझ्याकडं काही आलेलं नाही."

मी मागच्या दारानं अप्पांकडं गेले. टमरेलभर पाण्यात त्यांनी सात बशा धुवून काढल्या होत्या. मी त्यांचा कागद पुढं केला. त्यांनी हात पुसले, कागद उलटसुलट पाहिला.

"नक्कल ठिवली असंल."

"नाही ठेवली. आणि अप्पा, तक्रार मी केली होती."

"ठाऊक हाय. तुमचं अक्षर वळखतो की म्या." ते शांतपणे म्हणाले. मला वाटलं होतं की चिडतील, टोमणा मारतील. त्यांनी फक्त बशी पालथी घातली.

"मला सांगायचं ना, पोरींसाठी नेतोय म्हणून. सरांना तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर कोन पोरी, नावं लिवून द्या म्हनले असते. मग कागद झाला असता. कागद येकांदिशी गावात गेला असता. पोरगी कालेजातले बटाटे खाती, हे बापाच्या कानावर गेलं तर बाप काय करतोय? दुसऱ्या दिशी पोरीला घरी बसवतोय. माजं काय, दिवाळीपस्तोर तर हाय म्या." त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली. "अन् त्यातली कोन घरी काय बोलंल, कोन काय बोलंल, कुनाचा भरवसा धरावा?"

एक गोष्ट अजून उरली होती.

"अप्पा, साखर नेलीत ते कळलं. परत भरली ती कुठून?"

त्यांनी मागं वळून व्हरांड्यात कुणी नाही ना ते पाहिलं. मग शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. कार्ड नवं होतं, नव्या जिल्ह्याचं. आत दोन नावं. एक अप्पांचं. दुसरं काशीबाई, नातं पत्नी.

"काकू गावाकडं असतात?" मी विचारलं. दोन वर्षांत मी त्यांच्या घरचं काही विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"न्हाई. गेली ती. पाच वर्सं झाली." ते नळाच्या कट्ट्यावर बसले. "जुन्या कार्डावर दोगं व्हतो. मग नवा जिल्हा झाला, नवी कार्डं काढा म्हनले. रांगंत हुबारलो. कारकून खाली मान घालून लिवायलता. मानसं किती? माज्या तोंडातून दोन निगालं. नाव काय म्हनला, तिचं नाव सांगितलो. वय काय म्हनला." ते थांबले. "ती जाऊन दोन वर्सं झालती तवा. मनात मोजलं. असती तर येक्कावन्न. येक्कावन्न म्हनलो. त्यानं लिवलं."

नळातून एक थेंब पडला. अप्पांनी हात पुढं करून नळ घट्ट केला.

"तवापून तिच्या नावाची साखर येती महिन्याला. तिची साखर हाय. म्या येकट्यानं कशी खायची, म्याडम? डब्यात तशीच पडून व्हती. तुमी त्या दिशी वर्गात सांगितलाव, मग आनाया लागलो." त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "कुनाला सांगचाल का?"

"नाही, अप्पा. कुणाला नाही."

जगात कशावरही विश्वास न ठेवणारा हा माणूस सरकारी कारकुनासमोर उभा राहून धडधडीत खोटं बोलला होता, आणि मला आजवर ऐकलेल्या कुठल्याही खऱ्या बोलण्यापेक्षा ते खरं वाटत होतं. मी कार्ड मिटून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं, काशीबाईंच्या नावापुढच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे आता चुकीचं झालंय," ते म्हणाले. "औंदा तिला चौपन्न लागलं."